थोरल्या डॉक्टरांच्या दुरुस्त्या

टपालवाला दवाखान्याच्या फाटकातून आत आला की मी हातातलं काम सोडून बघायचो. त्याच्या पिशवीत तपकिरी कागदात गुंडाळलेलं जाडसर काही दिसलं, की त्या दिवशीचं माझं जेवण गेलंच म्हणून समजा. ते वैद्यकीय मासिक असायचं. कधी कलकत्त्याचं, कधी मद्रासचं, दोनदा तर थेट लंडनचं. आणि त्यात थोरल्या डॉक्टरांचा लेख छापलेला असायचा.

"आज टपाल आलं वाटतं," बायको म्हणायची. "भाकरी तशीच ठेवलीसा."

आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढं सांगायला बरं. मी त्या माणसावर जळत होतो. हेवा, असूया वगैरे शब्द पुस्तकात ठीक आहेत. मी जळत होतो, आणि वर्षानुवर्षं जळत होतो. दुसरी लढाई पेटायच्या आधीचा तो काळ. निपाणीत तंबाखूच्या व्यापाऱ्यांनी बांधलेला एक धर्मार्थ दवाखाना होता आणि त्यात आम्ही दोघंच डॉक्टर. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. लोकांनी सोय म्हणून त्यांना थोरले डॉक्टर केलं आणि मला धाकले. धाकले! माझ्या मिशा पिकायला लागल्या तरी मी आपला धाकलाच.

बरं, माणूस दिसायला तरी रुबाबदार असावा की नाही? तेही नाही. उंच, थोडे वाकलेले, बाराही महिने अंगात तोच काळा कोट, खाली धोतर आणि बिनमोज्यांचे बूट. कोटाच्या वरच्या खिशात पेन, आणि पेनाशेजारी काचेची परीक्षानळी. कुणाची लघवी कुठं तपासायला मिळेल याचा नेम नाही म्हणून ती नळी कायम जवळ. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा पानावर बसले आणि वाढायला आलेल्या माझ्या सासूबाईंच्या पावलांकडं बघतच राहिले. पहिला घास हातात तसाच. मग डाव्या हातानं खिशातली नळी काढून सासूबाईंना दिली आणि म्हणाले, "आक्का, जरा ह्यात तेवढं आणा, तवर मी जेवतो." सासूबाई परत कधी त्यांच्यासमोर आल्या नाहीत. पण त्यांच्या लघवीत दोष निघाला हेही खरं.

त्यांचा सगळा ध्यास दोन गोष्टींचा, काळीज आणि मूत्रपिंड. "ह्या दोघी जावा-जावा हायत," असं ते म्हणायचे. "एकीचं बिनसलं की दुसरी भांडी आपटायला लागती." दवाखान्याच्या पडवीत स्पिरिटचा दिवा लावून ते लघवी उकळायचे आणि ती गढूळ झाली की नळी रोग्यालाच दाखवायचे. "हे बघ, दूध नासल्यागत झालं न्हवं? हे तुझ्या रक्तातलं सत्त्व. ते भाईर चाललंय." रोगी कन्नड बोलणारा असला तर हेच सगळं कन्नडमध्ये. इंग्रजी फक्त कागदावर.

रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र त्या वेळी आमच्या भागात कुणी पाहिलंही नव्हतं. यांनी ते मुंबईहून मागवलं आणि बैलगाडीतून कुठं जायचं झालं की तान्ह्या मुलासारखं मांडीवर घेऊन बसायचे. मग जो सापडेल त्याच्या दंडाला पट्टा. टपालवाला, मोटारीचा ड्रायव्हर, शाळेत गणित शिकवत असलेले हेडमास्तर. पण कहर केला तो तंबाखूच्या अड्ड्यावर. तिथं सौदा तोंडानं होत नाही. दलाल आणि घेणारा रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव सांगतात, आणि चेहरा मात्र दगडासारखा ठेवतात. थोरल्या डॉक्टरांनी एका दलालाला पटवलं. दलालाचा एक हात रुमालाखाली सौद्यात आणि दुसरा हात यांच्या पट्ट्यात! चेहरा दगडाचा, पण पारा भराभरा चढायला लागला. बघायला ही गर्दी. घेणारा रुमालातला हात सोडून पाऱ्याकडंच बघायला लागला आणि म्हणाला, "ह्यो लबाड बोलतोय, ह्येचा पारा बघा की!" सौदा मोडला. दलाल शिव्या देत उठला. आणि आमचे थोरले डॉक्टर तिथंच पोत्यावर बसून आकडे लिहीत होते.

त्यावर लेख झाला. लंडनच्या मासिकात आला. मी तो लेख तीन दिवस रोग्यांच्या नोंदवहीखाली दडवून ठेवला होता, हेही सांगून टाकतो. त्या तीन दिवसांत पाच वेळा वाचला, कुठं चूक सापडते का म्हणून. सापडली नाही. चूक सापडली ती दलालाला.

म्हणजे काय, तर थोरल्या डॉक्टरांचा एक विचित्र नेम होता. लेख छापून आला की ज्या रोग्यावर तो लिहिलाय त्याच्या घरी जायचं, समोर बसायचं, आणि सगळा लेख त्याला मराठीत नाहीतर कन्नडमध्ये वाचून दाखवायचा. मग विचारायचं, "ह्यात काय चुकलंय?" आता इंग्रजी मासिकात छापलेलं, मोठमोठ्या साहेब डॉक्टरांनी वाचलेलं, ते अड्ड्यावरच्या दलालाला विचारायचं? पण ते विचारायचे. आणि लोक सांगायचे की! दलालानं लेख ऐकला, अर्धा वेळ रागानं आणि अर्धा वेळ खुशीत, आणि म्हणाला, "ते समदं खरं, पर पारा सौद्यानं न्हाय चढला. त्याच टायमाला माझा जावई गर्दीत दिसला. त्यो आला म्हंजे कायतरी मागायलाच आलेला असतोय." थोरल्या डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लंडनला पत्र टाकलं. मागील अंकातील माझ्या लेखात पुढील दुरुस्ती करावी. संपादकानं ती छापली.

असं दर वेळी. कुणी म्हणायचा, सूज पायाला आधी न्हवती, डोळ्याखाली आधी आलती. कुणी म्हणायची, दम लागायचा ते खरं, पण जिना चढताना न्हवं, सासरचं पत्र आलं की. प्रत्येक वेळी दुरुस्ती. शेवटी शेवटी त्यांच्या लेखांपेक्षा दुरुस्त्या जास्त झाल्या होत्या. दुसरा कुणी असता तर लाजेनं मेला असता. हे एखाद्यानं कपाळावरचा घाम पुसावा तसं पत्र लिहून मोकळे व्हायचे. मला त्याचाही राग यायचा. माझ्या नावावर एक ओळ छापलेली नव्हती आणि या माणसाला चुकासुद्धा लंडनमध्ये छापून मिळत होत्या!

एकदा मी धीर करून म्हणालो, "डॉक्टर, पुढच्या लेखावर माझंही नाव घाला की. मी पण होतोच बरोबर."

"घालू की," ते म्हणाले. "तू काय केलंस त्यात?"

रागानं नाही विचारलं. खरंच माहीत करून घ्यायचं होतं त्यांना. मी आठवून बघितलं. मी दिवा धरला होता.

तेव्हा मी ठरवलं, बास झालं. आपला आपण लेख लिहायचा. घाईचं कारणही होतं. पुण्यातल्या एका वैद्यकीय शाळेत शिकवायची जागा निघाली होती आणि जाहिरातीत स्पष्ट म्हटलं होतं की उमेदवाराचं काही छापील लेखन असावं. ती जागा मिळाली तर निपाणी सुटणार होती, धाकलेपण सुटणार होतं. पोरांसमोर उभा राहून मी डॉक्टर म्हणून शिकवणार होतो आणि या माणसाचा लेख टपालातून येताना मला रोज बघावा लागणार नव्हता. मला ती जागा इतकी हवी होती की देवळात गेलो तर देवाला सोडून पुण्यालाच हात जोडायचो.

रोगी मला चांगला मिळाला. बोरगावच्या आक्का, शेतकरी जैन घरातल्या, साठीच्या विधवा बाई. चेहरा फुगलेला, पाय खांबासारखे, बोट दाबलं की खड्डा पडायचा. लघवी उकळली तर नळीत दहीच. मूत्रपिंडाचा रोग, यात शंका नव्हती. थोरले डॉक्टर त्या आठवड्यात बेळगावला गेलेले, म्हणून आक्का माझ्या वाट्याला आल्या. मी त्यांना डिजिटॅलिसचा अर्क सुरू केला. हे काळजाला बळ देणारं औषध, थेंब मोजून द्यायचं. मी नेहमीच्या दुप्पट मापानं दिलं, दिवसातून तीन वेळा. दर बाजारच्या दिवशी आक्कांचा थोरला मुलगा रिकामी बाटली घेऊन यायचा आणि भरलेली घेऊन जायचा. "बाटली संपली काय?" मी विचारायचो. "व्हय, संपली की." आणि सूज उतरत गेली. दिवाळीपर्यंत आक्का स्वतः चालत दवाखान्यात आल्या, चेहरा सुपारीएवढा झालेला.

मी लेख लिहिला. मूत्रपिंडाच्या सुजेवर डिजिटॅलिस दुप्पट मापानं दिलं तरी चालतं, रोग्याला काही त्रास होत नाही, उलट गुण येतो. चार वेळा लिहिला, पाचव्यांदा सुवाच्य अक्षरात उतरवला आणि कलकत्त्याला धाडला. थोरल्या डॉक्टरांना दाखवलासुद्धा नाही.

तो छापून आला! टपालवाल्याच्या हातातलं ते तपकिरी पुडकं माझ्या नावाचं होतं. मी ते घेऊन आधी परसात गेलो आणि एकटाच उभ्यानं वाचत राहिलो. माझं नाव, त्यापुढं माझी पदवी, त्याखाली निपाणी. बायकोनं त्या दिवशी शिरा केला. पुण्याच्या अर्जाला तो लेख जोडला आणि मुलाखतीला या म्हणून पंधरा दिवसांत पत्र आलं.

थोरल्या डॉक्टरांनी लेख वाचला, खूश झाले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "चल, बोरगावला जाऊ."

"कशाला?"

"वाचून दाखवायला. आक्कांना विचारलंस काय, ह्यात काय चुकलंय ते?"

मला जायचं नव्हतं. पण नाही तरी कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टांग्यानं निघालो. वाटेत मला सारखं वाटत होतं, हा माणूस मुद्दाम मला घेऊन चाललाय. स्वतःच्या लेखाला इतक्या दुरुस्त्या झाल्या, आता माझ्याही व्हाव्यात असं त्याला वाटत असणार. जळणाऱ्याला सगळेच जळके दिसतात की हो.

आक्का सोप्यात बसून ज्वारी निवडत होत्या. आम्हाला बघून पदर सारखा केला, पाट दिले, ताक दिलं. मी वाचायला लागलो. सूज किती, पाय कसे, लघवी कशी, सगळ्याला त्या मान डोलवत होत्या. औषधाचं आलं तेव्हा मान थांबली. दुप्पट माप, तीन वेळा, असं मी वाचलं आणि आक्का सुनेकडं बघून तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"काय झालं, आक्का?" थोरले डॉक्टर पुढं सरकून बसले.

"काय न्हाय वो. वाचू द्या त्यास्नी."

"न्हाय, सांगा. चुकलं असंल तर सांगायचं. त्यासाठीच आलोय."

आक्कांनी ज्वारीतले दोन खडे वेचून टाकले. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "धाकल्या डॉक्टरांनी लई मायेनं दिलतं औषध. त्यास्नी वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाय. पर बाटलीचं बूच काढलं आन् दारूचा वास आला. आमी जैन माणसं. त्वांडाला कसं लावायचं ते?"

अर्क स्पिरिटमध्ये काढलेला असतो हे मला कॉलेजात शिकवलं होतं. ज्या घरात मधसुद्धा चालत नाही त्या घरात मी तो तीन महिने पाठवत होतो, आणि मला एकदाही सुचलं नाही.

"मग बाटली रिकामी कशी यायची?" मी विचारलं.

"कढीपत्त्याच्या बुडात ओतायची मी. परत भरलेली पाठवली तर तुमास्नी कळलं असतं." आणि मला बरं वाटावं म्हणून त्यांनी वर सांगितलं, "झाड चांगलं हाय हां. काय बी झालं न्हाय त्याला."

"आन् रातचा तिसरा डोस?" थोरल्या डॉक्टरांनी विचारलं. आता कशाला विचारायचं?

"दिवस बुडाल्यावर मी पाणी बी घेत न्हाय, डॉक्टर."

"मग सूज कशानं उतरली, आक्का? त्या दिसांत तुमी काय वेगळं केलंसा?"

आक्का सांगायला तयार नव्हत्या. व्रत घेतलं की ते बोलून दाखवायचं नसतं म्हणे. शेवटी सून म्हणाली, "आत्तींनी चातुर्मासभर मीठ सोडलतं. भाकरी बी अळणी, आमटी बी अळणी. चातुर्मास सपला, तरी आजून बी खात न्हाईत. बरं वाटतंय म्हणत्यात."

थोरले डॉक्टर ताठ बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी जन्मात विसरणार नाही. माझं वाटोळं होत होतं आणि हा माणूस लग्नघरात आल्यासारखा फुलला होता. सोडलेलं मीठ किती दिवसांत लागू पडलं, आधी चेहऱ्याची सूज उतरली की पायाची, सगळं विचारून घेतलं. मी लेखाची घडी घालून खिशात ठेवली.

परतताना निम्मी वाट थोरले डॉक्टर बोटांवर काहीतरी मोजत होते. मग ते एकदम म्हणाले, "त्या कढीपत्त्याला साधारण किती थेंब गेले असतील रं?"

टांग्यातून त्यांना ढकलून द्यावं असं मला वाटलं. पण ते थट्टा करत नव्हते. खरंच हिशेब करत होते.

"पत्र कधी टाकतोस?" त्यांनी विचारलं.

"मुलाखत झाल्यावर."

"बरं."

"तुम्ही लिहिणार असाल मिठावर, तर लिहा."

"मी कशाला? रोगी तुझा. मिठाचं बी तूच लिही."

एवढंच. पुढं कधी त्यांनी विषय काढला नाही. दवाखान्यात शेजारी बसून काम करताना एक शब्द नाही की एक नजर नाही. त्यांनी मला धरून चार शिव्या दिल्या असत्या तर मला त्यांचा मनमोकळा राग तरी करता आला असता.

मुलाखतीला पंधरा दिवस उरले असताना बेळगावात डॉक्टर मंडळींची बैठक होती. आम्ही दोघंही गेलो. लेखामुळं माझं नाव झालेलं. हस्तांदोलनं, चहा, "वा, निपाणीकर!" मी फुगलोच होतो, कशाला खोटं बोलू? तेवढ्यात तिथले एक तरुण डॉक्टर म्हणाले, "तुमचं औषध मी इथंच शहापुरात एका विणकराला सुरू केलंय. तुमच्याच मापानं. चला, बघून येऊ. तुम्हाला बघून त्याला धीर येईल."

थोरले डॉक्टर आणि बैठकीतले आणखी दोघं डॉक्टर बरोबर आले. शहापूरच्या एका बोळात ते घर. माग बंद पडलेला, त्यावर अर्धी विणलेली साडी तशीच. विणकर भिंतीला टेकून बसलेला, समोर पितळी घमेलं. चार दिवस ओकारी थांबत नव्हती. मी मनगट धरलं. नाडी इतकी सावकाश लागत होती की पुढचा ठोका येतोय की नाही असं व्हावं.

"डॉक्टर, ह्येंच्या डोळ्याला बी कायतरी झालंय," त्याची बायको म्हणाली. "सूत पांढरं हाय, आन् हे म्हणत्यात, कुणी हळदीत बुडवलंय. काल ह्याच्यापायी मला बोलले. तीस वर्षं सूत हातात हाय ह्येंच्या, कधी रंग चुकला न्हाय."

विणकरानं माझ्याकडं बघितलं. "तुमी बी पिवळेच दिसतायसा," तो म्हणाला.

डिजिटॅलिस जास्त झालं की असंच होतं. ओकारी, नाडी मंद, आणि डोळ्यांपुढं पिवळं. हे पुस्तकात आहे, मला तोंडपाठ होतं. आक्कांना यातलं काही झालं नाही कारण आक्कांच्या पोटात थेंबही गेला नव्हता. ते दुप्पट माप या माणसाच्या पोटात गेलं होतं, माझ्या लेखाच्या भरवशावर.

"पण तुमच्या लेखात तर..." तो तरुण डॉक्टर बोलायला लागला.

मी थोरल्या डॉक्टरांकडं बघितलं. ते त्या अर्ध्या साडीकडं बघत होते. ते बोलले असते तर बरं झालं असतं. माझं तोंड उघडायच्या आत त्यांनी सांगून टाकलं असतं, तर पुढं जन्मभर मला म्हणता आलं असतं की यांनीच माझा घात केला. पण ते गप्प राहिले.

"थेंब आत्ताच्या आत्ता बंद करा," मी म्हणालो. "लेख चुकलाय माझा. माझ्या रोग्यानं औषध घेतलंच नव्हतं. मीठ सोडलं होतं तिनं. ह्यांचंही मीठ तोडा."

चार डॉक्टर ऐकत होते. विणकराची बायको ऐकत होती. तिला सगळं कळलं नसावं, पण माझ्याकडं तिनं ज्या नजरेनं बघितलं ती मला आजही नको वाटते.

विणकर वाचला. आठवड्यात ओकारी थांबली, महिन्याभरानं माग सुरू झाला. पण ते नंतरचं. त्याच दिवशी दुपारी बेळगावच्या पोस्टात उभा राहून मी कलकत्त्याला पत्र लिहिलं. थोरले डॉक्टर बाहेर पायरीवर बसले होते. मी बाहेर आलो तर म्हणाले, "पुण्याला कळवलंस?"

"पुण्याला कशाला?"

"त्येंनी तो लेख वाचूनच बोलावलंय न्हवं तुला?"

मी परत आत गेलो आणि पुण्याला कार्ड टाकलं. का टाकलं ते विचारू नका. चांगुलपणानं नाही. त्या पायरीवरून निपाणीपर्यंत त्या माणसाशेजारी बसून जायचं होतं मला.

पुण्याहून दोन ओळींचं उत्तर आलं. मुलाखतीला येण्याची तसदी घेऊ नये. ती जागा दुसऱ्या कुणाला गेली. मी थोरल्या डॉक्टरांशी आठ दिवस बोललो नाही. नवव्या दिवशी लक्षात आलं की त्यांना माझा अबोला कळलाच नव्हता.

आता ते जाऊनही बरीच वर्षं झाली. लोक त्यांच्याबद्दल विचारतात तेव्हा मी तो दलालाचा किस्सा सांगतो, सासूबाईंचा सांगतो, आणि मंडळी हसतात. खरं म्हणजे आम्ही दोघं एका दवाखान्यात शेवटपर्यंत राहिलो आणि त्यांचे लेख येत राहिले, आणि मी भाकरी तशीच ठेवून उठत राहिलो. यात काही बदल झाला नाही. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

माझी दुरुस्ती छापून आली तो दिवस. पानाच्या तळाशी सहा ओळी, बारीक टाइपात, खाली माझं नाव. मी ते पान थोरल्या डॉक्टरांपुढं टाकलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "बोरगावला जाऊन वाच. ह्या खेपेला एकटा जा. तुझं हाय."

मी गेलो. आक्का तशाच सोप्यात बसलेल्या. मी त्या सहा ओळी मराठीत सांगितल्या. औषध रोग्यानं घेतलं नव्हतं, व्रत म्हणून मीठ सोडलं होतं, गुण त्यानं आला, दुप्पट मापानं औषध कुणी देऊ नये. आक्कांनी दोनदा वाचायला लावलं.

"आता काय चुकलंय, आक्का?" मी विचारलं.

"काय न्हाय. बराबर हाय." मग त्यांनी तो कागद हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला. "ह्यात तुमचं नाव छापलंय?"

"छापलंय. ह्ये बघा."

आक्कांनी त्या नावावर बोट ठेवलं. त्यांना फार वाईट वाटत असावं. आवाज खाली आणून, सुनेला ऐकू जाऊ नये असं, त्या म्हणाल्या, "चूक झाली म्हणून छापलंय न्हवं ह्ये? मग तुमचं नाव कशाला ठेवतासा? तुमी धाकले, तुमचं आजून वय हाय. ह्ये थोरल्या डॉक्टरांच्या नावावर घाला की. त्येंच्या लई चुका छापल्यात म्हणं. त्येंत एकानं काय हुतंय?"

मी कागद त्यांच्या हातातून घेतला.

"न्हाय, आक्का," मी म्हणालो. "समदं त्येंचंच हाय. ह्येवढी एक माझी असू द्या."